दाराजवळची वीतभर फरशी

पंचशीलाबाई बारा वर्षं लातूरच्या एका क्लासची फरशी पुसतात. एकदा वीरेश सर शिकवत होते, "डीएनएची नक्कल होताना टोक अपुरं राहतं, म्हणून गुणसूत्र दरवेळी आखूड होतं." एका पोरीनं कारण विचारलं. सर महाज्ञानी, त्यामुळे चिडले. राग निघाला दारात पुसत असलेल्या बाईंवर.

"दाराजवळची वीतभर फरशी रोज मळकी! उद्यापासून येऊ नका."

"सर, मागं सरकत पुसते. शेवटी पायाखालची जागा पुसू कशी? पाय काढला की मी बाहीरच की!"

पोरगी ओरडली, "सर, डीएनएची नक्कल करणाऱ्यालाही टोकावर पाय टेकावाच लागतो ना? तेवढंच राहतं!"

आता सर हे उदाहरण स्वतःचं म्हणून सांगतात. बाईंची नोकरी टिकली. सरांना दाखवायला मळकी फरशी रोज लागते.