टॉवेल-टोपीचा मान

ब्याण्णव सालची गोष्ट. शेजारच्या खेड्यातून येऊन दोंडाईच्याला मिरच्या वाळवायच्या पथारीवर राबणारा लोटन दर मंगळवारी सकाळच्या एसटीनं दोंडाईच्यावरून पुढे धुळ्याला जायचा. तिथल्या दवाखान्यात दारू सोडायचं औषध मिळे, आणि डॉक्टर समोर बसवून आठवडा कसा गेला ते विचारीत. "बरं वाटायला लागलं की जास्त नेमानं यायचं," असं त्यांनी बजावलं होतं. लोटन जात होता. दोन महिने त्यानं थेंब घेतला नव्हता. त्याची बायको झुंबरबाई संध्याकाळी दाराकडे कान लावून बसायची, तेही आता विसरली होती.

पण गाव म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पोळ्याच्या दिवशी सरपंच देवचंद आबांनी लोटनला मारुतीच्या पारावर उभं केलं आणि टॉवेल-टोपी देऊन त्याचा सत्कार केला. "लोटननी दारू सोडी दिन्ही! बठ्ठा शिका याना पासून!" सगळ्यांनी त्याच्यापासून शिकायचं, या बोलावर टाळ्या पडल्या. लोटनला भरून आलं. लग्नानंतर त्याच्या डोक्यावर कुणी नवी टोपी ठेवली नव्हती.

पुढच्या मंगळवारी तो थांब्यावर गेला, तर सुकदेव पानवाला हसून म्हणाला, "काय भाऊ, आते कसाले धुये? तू ते बरा व्हयना ना!"

"धुये नही, कामवर चालनू," लोटन म्हणाला, आणि खरोखरच धुळ्यापर्यंत न जाता दोंडाईच्याला कामावर उतरला. त्यानंतरच्या मंगळवारी तो मोटारीत बसलाच नाही. डोक्यावर मानाची टोपी घालून दवाखान्यात दारुड्यांच्या रांगेत कसं उभं राहायचं?

दिवाळीआधी तो पुन्हा प्यायला. टोपी तेवढी खिशात घातली. गाव म्हणालं, एवढा मान दिला, तरी कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. झुंबरबाईला नवऱ्यापेक्षा गावाचाच संताप आला, आणि तिचं काही चुकलं नाही.

तिनं टॉवेल-टोपी धुतली, घडी घातली आणि भर पारावर आबांपुढे ठेवली.

"आबा, हाऊ मान परत ल्या. बठ्ठा गावले सांगा, लोटन आजून दारुड्याच शे. म्हंजे तो मंगयवारनी मोटारम्हा बठी."

लोटन पुन्हा एसटीत बसावा म्हणून आबांनी मान परत घेतला. घडी उचलून त्यांनी मांडीवर ठेवली.

मंगळवारी लोटन बोडक्या डोक्यानं थांब्यावर आला. सुकदेव तोंड फिरवून पानाला चुना लावत राहिला. एसटी आली, तसा तो चढला आणि त्यानं धुळ्याचं तिकीट मागितलं.