दोन सोम्या

जिवली अंगणवाडीची बाई. मुलांना खिचडी वाढायची, त्यांची वजनं घ्यायची आणि उरल्या वेळात पाड्याची मतदारयादी नीट ठेवायची. उरलेला वेळ कधी नव्हताच, पण यादी मात्र नीट होती. कोण मेलं, कोण सासरी गेली, कुणाला अठरावं लागलं, सारं तिच्या बोटांवर.

उमरोळी स्टेशनावरून डोंगराकडे तासभर चाललं की तो पाडा. तिथं नावांची फार टंचाई. सोमवारी जन्मली ती सोमी, बुधवारी जन्मला तो बुधा. वार सातच, माणसं तीनशे. त्यात दोन सोम्यांना नवरेही बुधाच मिळाले, आणि आडनाव दोघींचं वरठा. म्हातारी सोमी मोहाच्या झाडाखाली राहते, धाकटी ओहळापलीकडे. फार मागं यादी करायला आलेल्या मास्तरानं घाईत दोघींना एकच जन्मतारीख देऊन टाकली. खरी कुणाला ठाऊक होती म्हणून कुणी भांडेल? फोटो म्हणाल तर दोन्ही कढईच्या बुडासारखे. जिवलीचं काही अडत नव्हतं. ती नावापुढं पेन्सिलीनं लिहून ठेवायची: मोहाखालची, ओहळापलीकडची.

यंदा वरून कागद आला. नाव तेच, नवरा तोच, तारीख तीच. दुबार आहे, एक कमी करा.

"साहेब, त्या दोन बायका हायेत," जिवली मीटिंगमध्ये उठून म्हणाली. "मी पेन्सिलीनं लिवलंय."

"मशीनला पेन्सिल वाचता येत नाही, बाई. दोघींचे अंगठे आणा, शुक्रवारपर्यंत."

सगळे हसले. जिवली खाली बसली.

म्हातारीचा अंगठा त्याच दिवशी मिळाला. धाकटीच्या दाराला मात्र काटेरी फांदी लावलेली. दिवाळी झाली की ते घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातं. फोन लागेना. नियम तीन फेऱ्यांचा. जिवली तिन्ही वेळा त्या फांदीलाच हाक मारून परत आली. दारावर नोटीस चिकटवली, ती शेळीनं खाल्ली. भट्टीवर जाऊन अंगठा आणता आला असता. एक दिवस मोडला असता, एवढंच. पण त्याच आठवड्यात अंगणवाडीची तपासणी होती, डबे घासायचे होते. जिवलीनं डबे घासले.

मतदानाच्या दिवशी धाकटी मुकादमाशी भांडून गावी आली. ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल. शाळेबाहेर जिवली यादी घेऊन बसली होती.

"दे गं बाय माजी चिठ्ठी."

जिवलीची मान वर होईना. "तुजं नाव नाय, सोमे."

"नाय कसं? यादी तुज्याच हातची ना?"

"कमी झालं. दुबार म्हनून."

"म्हंजे मी ती म्हातारी हाय?" धाकटी हसली. रांगेतलेही हसले. मग कुणी हसेना. "तू वळखतेस ना मला? माज्या तिन्ही पोरांना तूच डोस पाजलेस. आत जाऊन सांग, ही सोमी हाय म्हनून."

जिवली आत जाऊन सांगून आली. आतले म्हणाले, यादीत दाखवा. यादी तिच्याच हातात होती.

तिनं पिशवीतून नवीन नावाचा फॉर्म काढला. चाळिशी ओलांडलेली, दरवेळी मत दिलेली बाई, आणि वर लिहायचं 'नवीन मतदार'. नाव सोमी. नवरा बुधा. आडनाव वरठा. तारीख आधार कार्डावरची, म्हणजे त्या मास्तराचीच. तिथं पेन थांबलं.

"परत कापतील काय गं?"

जिवलीनं तीच तारीख लिहिली.

एवढ्यात म्हातारी सोमी मत देऊन बाहेर आली. रांगेत उभ्या उभ्या तिनं सगळं ऐकलं होतं.

"कशाला घोर करतेस, जिवले? दोन पावसाळे थांब. मी जाते. मंग एकच सोमी उरंल, नि तुजी यादी बरोबर होईल."

जिवलीनं सहीच्या जागेसाठी शाईची डबी उघडली. डबी बघून धाकटीनं सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढं केलं.

"बोट नको," जिवली म्हणाली, "अंगठा दे."