पायगुण वटवाघळांचा

घरामागे कोणी डासांसाठी कडुनिंबाचा पाला जाळला, की मला घाटंजीकडचं सासर आठवतं आणि मी खिडकी लावून घेते.

लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, कापसाची खोली रिकामी राहिली, म्हणून तिच्या आढ्याला वटवाघळं येऊन लटकली. सासूबाईंनी मात्र उलटं धरलं. "ह्याईच्याच पायगुणानं अळी आली," त्या म्हणाल्या आणि दिवेलागणीला त्यांनी घमेल्यात पाला पेटवला. धुरातून वटवाघळं एकेक करून निघाली. ती केसांत अडकत नाहीत, हे पुस्तकात वाचलेली, बारावी सायन्स झालेली मी डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी होते. एकाचाही धक्का लागला नाही. गालाला नुसता वारा लागत होता.

सकाळी खोली झाडताना सुपलीत मूठभर पंख आले. पिवळसर, नखाएवढे. बोंडअळीच्या पतंगांचे. म्हणजे ही वटवाघळं कपाशीवरचे पतंग धरून आणत आणि इथे लटकून खात होती.

"काय पाहून राह्यली वं?" सासूबाईंनी विचारलं.

सांगायला हवं होतं. पण त्या वर्षी त्या घरात नवं आलेलं म्हणजे वटवाघळं आणि मी. पायगुण त्यांचा नाही म्हटलं असतं, तर तो कोणाचा ठरला असता?

"काही नाही, आई," म्हणून मी सुपली उकिरड्यावर झटकली.