धरमपुरीची पंगत

देवासहून निघालो तेव्हा टेकडी धुक्यात होती आणि माझी आई धडधडीत खोटं बोलून बसमध्ये चढली होती. "मांडू बघून येतो," असं तिनं, आम्ही ज्याच्याकडे उतरलो होतो त्या मामाला सांगितलं. "आत्ता पौषात मांडूत काय देखणार? ना पानी, ना हरियाली," मामा म्हणाला. तरी मामीकडून वाटेसाठी दशम्या (दुधात भिजवलेल्या पिठाच्या भाकरी) बांधून घेऊन आई निघालीच. आम्हाला मांडूला जायचंच नव्हतं. आम्ही निघालो होतो नर्मदेकाठी, धरमपुरीला, शालूमावशीकडे.

शालूमावशी आईची धाकटी बहीण. तरुणपणी ती धारला एका दवाखान्यात परिचारिका होती आणि तिथंच तिनं बाप्तिस्मा घेतला, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनानं. मामाकडे पिढीजात देवळाची पूजा. त्यानं घरात तिचं नाव घेणं बंद केलं. दोघी बहिणी भेटत, पण इंदूरच्या स्टेशनवर नाहीतर कुणाच्या लग्नात, मांडवाबाहेर. या खेपेला मावशी फोनवर म्हणाली, "ताई, नुसतं भेटायला नको येऊस. राहायला येत असशील तर ये." आई दोन दिवस जेवली नाही. गेलं आणि मामाला कळलं तर माहेर तुटणार, न जावं तर बहीण. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

मी पुण्यात कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवते. सध्या वर्गात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म कसा पसरला हे चालू आहे, आणि एखादं प्रकरण शिकवायला घेतलं की महिनाभर मी त्यातच राहते. घरचे म्हणतात, हिला भाजी आणायला पाठवू नका. बस शेतांमधून चालली होती, गहू गुडघ्याएवढा झाला होता, आणि मला अर्धवट झोपेत तो जुना रोमन दगडी रस्ता दिसत होता. त्यावरून चालणारे तंबू शिवणारे, चांभार, सुटलेले गुलाम, आणि जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी ती बाई. नदीकाठी ऐकलेली गोष्ट तिला पटली आणि तिनं अनोळखी पाहुण्यांना आग्रह धरला, की मी तुम्हाला खरी वाटत असेन तर माझ्या घरी येऊन राहा. तेव्हा चर्च नावाची इमारत कुठंच नव्हती. कुणाची तरी ओसरी, कुणाचं तरी स्वयंपाकघर, एवढ्यावर तो धर्म उभा राहिला.

धरमपुरीला जायला धारहून धामनोदची बस धरायची होती; या तंद्रीत स्टँडवर मी आईला भलत्याच बसमध्ये बसवलं. पोहे खाऊन झाले, बस हललीसुद्धा, तेव्हा कंडक्टर ओरडला, "अरे दीदी, धामनोद कां? या तो बदनावर जई री है!" सामानासकट आम्ही उतरलो. आई म्हणाली, "तुझ्या रोमला जाते का विचार एखादी."

घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड सुरू होतो. हवा ऊबदार झाली, आईनं शाल काढली. मग एका वळणावर नर्मदा दिसली, रुंद आणि इतकी शांत की ती वाहते आहे हे नावेकडे बघूनच कळत होतं. माझं मन भरून आलं. आई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मावशी दारातच उभी होती. तिनं आईवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं आणि मग येशूचं नाव घेतलं. दोन्ही तिला सारखंच सहज होतं. संध्याकाळी तिनं पानं घेतली तर आईनं दशम्यांचं पुडकं सोडलं. "आधी या संपवू, खराब होतील." दशमी कशासाठी असते हे जुन्या घरातल्या बाईला सांगावं लागत नाही. पाणी न घालता केलेली, म्हणून प्रवासात चालते, म्हणून दुसऱ्याच्या घरचं खावं लागत नाही. मावशीनं आपलं ताट बाजूला सारलं आणि आईच्या पुडक्यातली एक दशमी उचलून खाल्ली. "वहिनी अजून मीठ कमीच टाकून राहिली," ती म्हणाली. आई हसली आणि हसता हसता रडली. पण त्या रात्री ती दशम्याच खाऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशीच्या पुढच्या खोलीत दहाबारा माणसं जमली. दोन भिल्ल बायका, एक निवृत्त मास्तर, केरळची एक नर्स, नावाडी आणि त्याची बायको. गाणी हिंदीत झाली, एक निमाडीत. उन्हाचा पट्टा जमिनीवर सरकत होता आणि मी कुठल्या शतकात बसले आहे हे मला सांगता आलं नसतं. प्रार्थनेनंतर तिथंच चटया टाकून पंगत बसली; दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे), आणि ज्यानं त्यानं घरून आणलेलं काही ना काही. मावशीनं आईचं ताट वाढलं आणि ती बाजूला उभी राहिली. आई सगळ्यांकडे एकदा बघून घेऊन भिल्ल बाईच्या शेजारी बसली आणि तिनं बाफला मोडला.

मला अंत्युखिया शहर आठवलं. तिथं सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांत यहुदी आणि परके एकाच पंगतीला बसू लागले होते. येशूचा शिष्य पेत्रही बसायचा. मग यरुशलेमहून, परक्यांसोबत जेवणं न चालणारी, त्याची यहुदी माणसं आली आणि पेत्र गुपचूप उठला, वेगळा झाला. वर्गातली मुलं दरवर्षी विचारतात, उठला तर एवढं काय बिघडलं?

तेवढ्यात माझा फोन वाजला. मामाचा व्हिडिओ कॉल. मी घाईत उचलला आणि झटकन कॅमेरा खिडकीकडे, नदीकडे वळवला. "मांडूत एवढं पानी कुठलं गं?" मामा विचारत होता. मावशी आत जायला वळली. आईनं उष्ट्या हातानं तिचा पदर धरला.

"इकडे फिरव," आई मला म्हणाली.

मी फिरवला.

"दादा, मांडूला नाही गेले. शालूकडे आहे. जेवते आहे. ही बघ शालू."

मावशीनं कॅमेऱ्याकडे बघितलं. मग फोन बंद झाला. रेंज गेली की मामानं कापला, ते कळलं नाही. आई उठली नाही. तिनं वर वरण मागून घेतलं.

परतताना आम्ही देवासला उतरलो. आमच्या मोठ्या बॅगा मामाकडेच होत्या, तेव्हा जाणं भागच होतं. मामीनं दार उघडलं. मामा खुर्चीत बसून होता. "हातपाय धुऊन घ्या," तो म्हणाला. "आणि कुसुम, आज देवघरात नको येऊस."

"बरं," आई म्हणाली. मला इतका राग आला की मी बॅगा उचलल्याच. आईनं त्या माझ्या हातातून काढून खाली ठेवल्या.

चहा झाला. मामीनं गरम गराडू (तळलेला कंद) पुढे ठेवला. मामा कपातच बघत होता. मग वर न बघताच म्हणाला, "केस पांढरे झाले गं तिचे."

"झाले ना," आई म्हणाली. "एक दात पण पडलाय."

"कोणता?"

"पुढचा."

मामानं मान हलवली आणि उठून देवघरात गेला.

पुण्याच्या गाडीत मी विचार करत होते. अंत्युखियाच्या त्या पंगतीचं पुढं काय झालं, पेत्र परत येऊन बसला का, हे कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. मुलांना मी इतकी वर्षं साम्राज्याचे रस्ते आणि शहरं शिकवत आले. पण तो धर्म वाढला असेल तर असल्याच पंगतींतून, कुणी उठल्यामुळे आणि कुणी बसून राहिल्यामुळे. आईला झोप लागली असं मला वाटलं होतं.

"त्यानं फोन कापला नव्हता," ती डोळे मिटूनच म्हणाली. "शालूचे केस दिसेपर्यंत बघत होता की तो. रेंजच गेली."