उमेदवार पाळकाचे सहा महिने

आमच्या ख्रिस्ती मंडळीत हजेरी कमी पडते, किस्से कमी पडत नाहीत. पत्र्यावर धूळ साठावी तसे ते साठतात. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही, पण सहा महिन्यांनी हात फिरवला की बोटं काळी होतात. बहुतेक किश्श्यांत फजिती माझीच झालेली असल्यामुळे सांगायला संकोच नाही.

मी तीन वर्षं अमेरिकेत, धर्मगुरू घडवणाऱ्या लूथरन सेमिनरीत होतो. पाळकीय सेवा, उपासना आणि मिशनकार्य या विषयांत पदवीनंतरचा अभ्यास केला आणि जग बदलायला थेट पिंपरीला आलो! इथे नव्या कंपन्या उभ्या राहतायत. नगर-जालन्याकडचे आमचे ख्रिस्ती लोक फिटर, हेल्पर म्हणून आलेत. चोवीस सभासद, चर्च म्हणून एक पत्र्याची शेड, एक हार्मोनियम.

आमच्याकडे पाळकाला मंडळीनेच बोलवावं लागतं. आधी सहा महिने उमेदवारी, मग मतदान. मंडळी 'हो' म्हणाली तर शेड माझी. 'नाही' म्हणाली तर मिशनच्या ऑफिसात टाइपरायटर. मला टाइपरायटर नको होता. जहाजावर बसल्यापासून मला ही शेडच हवी होती, तेव्हा ती पाहिलीही नव्हती.

*

पाळक देवाशी बोलतो तेव्हा त्याने वेदीकडे तोंड करायचं, देवाच्या वतीने बोलतो तेव्हा लोकांकडे. या वळण्यावर मी साठ पानांचा प्रबंध लिहिला होता. पहिल्या रविवारी सगळं अगदी प्रबंधाबरहुकूम केलं. एक वळण चुकलं नाही.

उपासनेनंतर मार्थाबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकाला.

"पाळकसाहेब, आमचं काय चुकलं का?"

"नाही हो. का?"

"मग घडीघडी पाठ का फिरवत होता? रुसल्यावानी!"

मी त्यांना वेदीचा अर्थ समजावून सांगितला. वीस मिनिटं. त्यांनी डोळ्याची पापणी न हलवता ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी देव भिंतीकडं आन् आमी दाराकडं. एवढं शिकाया बोटीनं गेलता व्हय?"

प्रबंध ट्रंकेत आहे. अजून बाहेर काढलेला नाही.

*

आमच्या उपासनेत सुरुवातीलाच पापांची कबुली असते आणि लगेच पाळक पापक्षमा जाहीर करतो. संदेश त्यानंतर. तिसऱ्या रविवारी मी पापक्षमा जाहीर केली, तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला आणि दहा जण डबे उचलून निघून गेले. त्यांतल्या दोघांचीच शिफ्ट होती, हे मला नंतर कळलं!

पंचमंडळाचे पुढारी शांतवनभाऊ. कंपनीत फिटर. चेहऱ्यावरची रेघ न हलवता बोलतात. त्यांना म्हटलं, "हे काय चाललंय?"

"पाप फिटलं, गेले. संदेशाला थांबले तर झोप लागते साहेब. म्हणजे पुन्हा पाप!"

मी चिडलो. सगळ्यांना आधी बजावून, पुढच्या रविवारी पापक्षमा उचलून उपासनेच्या शेवटी नेली. माझ्या प्राध्यापकांनी एवढ्यासाठी मला नापास केलं असतं. पण म्हटलं, आता बघू कोण जातं!

कुणी गेलं नाही, कारण कुणी आलंच नव्हतं. शेडमध्ये मी धरून सहा जण. शेवटच्या पाच मिनिटांत मात्र भांग पाडलेली पंधरा माणसं आत शिरली आणि माना खाली घालून उभी राहिली.

एकाने हळूच विचारलं, "उशीर नाही ना झाला?"

"दीड तास झाला," मी म्हटलं.

"मग बरोबर आलो."

*

समुपदेशनाचा एक नवा प्रकार आम्हाला शिकवला होता. सल्ला द्यायचा नाही. माणूस जे बोलेल तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. मग तो स्वतःच स्वतःचं उत्तर शोधतो.

पहिली आली एस्तेर, एका हेल्परची बायको. म्हणाली, "नवरा दारू पितो."

मी म्हटलं, "म्हणजे, नवरा पितो असं तुम्हाला वाटतं."

"वाटत नाही. पितो!"

"तो पितो याचा तुम्हाला त्रास होतो."

"तेच सांगतेय की!"

"आणि तेच सांगायला तुम्ही आलात."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळ्यांत करुणा होती. मला वाटलं, पद्धत लागू पडली! नवऱ्याला शांतवनभाऊंनी कंपनीच्या गेटवर गाठून काय सांगितलं कोण जाणे, पण तो महिनाभर सुधारला. आणि त्या रविवारपासून सगळी मंडळी माझ्याशी कानाजवळ तोंड आणून, ओरडून बोलू लागली. एस्तेरने सगळ्यांना सांगितलं होतं, "पाळक गुणी आहे, पण बिचाऱ्याला ऐकू येत नाही."

*

मिशनकार्यात मला पहिला वर्ग होता. एक दिवस छाती पुढे काढून कासारवाडीकडच्या मळ्यात गेलो. एक म्हातारेबाबा बांधावर बसले होते. म्हटलं, "बाबा, मी देवाची सुवार्ता घेऊन आलोय."

"या, बसा. कुठला द्येव?"

मी येशूविषयी सांगितलं. आक्षेप येतील म्हणून सतरा आक्षेपांची सतरा उत्तरं तयार होती. बाबांनी एकही आक्षेप घेतला नाही. उठून मळ्यावर नजर टाकली.

"हितं म्हसोबा हाय. पल्याड मारुती. तुमचा त्या जांभळीखाली बसवू. सावली हाय. निवद काय लागतो त्याला?"

"काहीच लागत नाही."

"कोंबडं?"

"नाही."

"नारळ तरी?"

"बाबा, त्याला काहीच द्यावं लागत नाही. तोच देतो."

बाबा खूश झाले. "मंग लई चांगला हाय की! गरिबाला परवडतो."

देवाची कृपा फुकट असते, हे समजून घ्यायला मला परदेशात दोन वर्षं लागली होती. बाबांना ते तीन प्रश्नांत समजलं आणि त्यांनी म्हसोबाच्या पंगतीत जागाही दिली. त्या महिन्याच्या अहवालात मी 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं.

*

मिशनचे साहेब वर्षातून दोनदा फोटो काढायला येतात. तीस वर्षं या देशात आहेत, पण मराठी पोथीतलं बोलतात. शांतवनभाऊंनी ओव्हरटाइम करून नवं घड्याळ घेतलं होतं. ते घालून मुद्दाम पुढे उभे राहिले.

साहेब म्हणाले, "कृपया घटिकायंत्र काढावे. पादत्राणेही. परदेशातील बंधुभगिनींना येथील दारिद्र्य दिसले पाहिजे."

शांतवनभाऊंनी घड्याळ काढलं. बूट काढले. मग सदऱ्याची बटणं काढायला लागले.

"हे काय करता?" साहेबांनी विचारलं.

"नुसतं घड्याळ काढून असं किती गरीब दिसणार, साहेब? करायचं तर पुरतंच करू!"

सगळी मंडळी हसली. मी हसलो नाही. माझी शिष्यवृत्ती अशाच एका फोटोवर आली होती. त्यात मी नऊ वर्षांचा, अनवाणी उभा आहे. माझे बूट फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे होते.

*

सहा महिने भरले. रविवारी दुपारी मतदानाची सभा बसली. अध्यक्ष साहेब. नियमाप्रमाणे मी बाहेर, पायरीवर. मतदान चिठ्ठ्यांचं: 'हो' किंवा 'नाही'. मनात मी शेडला खिडक्याही पाडून ठेवल्या होत्या.

मोजणीला मला आत बोलावलं. साहेबांनी चिठ्ठ्या दोनदा मोजल्या, मग तिसऱ्यांदा.

"चोवीस चिठ्ठ्या. चोवीस 'नाही'."

वर पत्रा तापून कडकड वाजत होता.

शांतवनभाऊ उठले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ मी पहिल्यांदाच हललेली पाहिली. "साहेब, त्यातलं एक माझं. एकमतानं आलेला पाळक डोक्यावर बसतो. एखादं मत उलटं असावं म्हणून मी टाकलं. पण बाकीची तेवीस?"

"एक माझं," एस्तेरचा नवरा म्हणाला. "त्याच कारणानं."

"माझंबी तेच," मार्थाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, बाकी समदे हो म्हणत्यात!"

मग सगळेच बोलायला लागले. प्रत्येकाने ते एकच मत टाकलं होतं.

"फेरमतदान घ्या," शांतवनभाऊ म्हणाले.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "एक तरी 'हो' असेल तरच फेरमतदान घेता येते. येथे एकही नाही."

"पण साहेब, सभासद पंचवीस आहेत. पाळकसाहेबांचं नाव पहिल्याच महिन्यात नोंदवलंय. त्यांचं मत राहिलंय की!"

साहेबांनी पुस्तक पुन्हा चाळलं आणि एक कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. चोवीस माणसं श्वास रोखून माझ्या पेन्सिलीकडे बघत होती. मार्थाबाई हात जोडून बसल्या होत्या. मी लिहिलं, घडी घातली आणि दिली.

साहेबांनी ती उघडली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती चिठ्ठी त्याच चोवीस 'नाही'च्या ढिगावर ठेवली.

स्वतःच्याच मतानं आलेला पाळक तर जास्तच डोक्यावर बसला असता. मग शांतवनभाऊंनी टोपी काढली आणि त्यांच्यामागे सगळी मंडळी उभी राहिली.

"चला पाळकसाहेब, समाप्तीची प्रार्थना करा. आणि आवरतं घ्या, जेवणं व्हायचीत!"