रोग डोक्यात, शेक हाताला

नागव्वाला प्रश्न पडतात. तसे ते सगळ्यांनाच पडतात, पण बाकीचे चहा पिऊन विसरून जातात. नागव्वा मात्र पडलेला प्रश्न पदरात बांधून घरभर हिंडते. जोडभावी पेठेत ती कडक भाकऱ्या करून विकते, आणि भाकऱ्या बांधून देईपर्यंत गिऱ्हाइकाची सुटका नसते. पुण्याहून आलेल्या एका बाईंना तिनं विचारलं होतं, "तिकडं पाणी एवढं लई, मंग तुमचं केस का गळत्यात ओ?" त्या बाई भाकऱ्या घेऊन गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत.

मग नवऱ्याला, बसप्पाला, लकवा मारला त्या वेळी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांची तरी काय कथा! त्यांनी फिल्म उजेडाला धरून सांगितलं, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, म्हणून उजवा हातपाय गेला.

"बिगाड डाव्या बाजूला, आन हात उजवा का?"

"तारा खाली येताना एकमेकींना ओलांडून जातात, मावशी."

"आसल्या उलट्या तारा टाकल्या कुणी?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर बसप्पाची जीभ हळूहळू वळायला लागली, पाय काठीच्या आधारानं चालायला लागला. हात मात्र रुसलेल्या पाव्हण्यासारखा मांडीवर पडून राहायचा. हलायचा थोडासा, पण त्याला काही कळायचं नाही. डोळे मिटायला लावून त्याच्यात वाटी दिली काय आणि दगड दिला काय, सारखंच.

आणि बसप्पाचं सगळं दुकानच त्या हातात होतं. मोटर रिवायंडिंगचं दुकान, म्हणजे मोटरीतली जळालेली तार, वायंडिंग, नव्यानं गुंडाळून द्यायचं. लांबच्या मैंदर्गीपासूनचे शेतकरी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी त्याच्याकडं आणायचे. बसप्पा चालू मोटरीच्या अंगावर उजवा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तापायलीय. बेअरिंग बगा." मीटर लावून बघणारे नंतर तेच सांगायचे, फक्त पैसे जास्त घ्यायचे. आता दुकानाचं शटर बंद होतं. मुलगा शिवकुमार पतसंस्थेत कारकून. त्यानं मोबाइलची कव्हरं विकणारा एक भाडेकरू बघून ठेवला होता.

"अप्पा, दिवाळीआधी त्याला जागा पायजे. काय सांगू?"

नागव्वा म्हणायची, "थांब की जरा. हात जागा हुतो का न्हाय ते तरी बगू."

हात जागा करायचा म्हणजे शेक द्यायचा, हे नागव्वाच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक. वाळू भाजून तिची पुरचुंडी करायची, रुईचं पान तेल लावून गरम करायचं, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत शेकत यायचं. भाकऱ्या झाल्या की तवा तापलेला असायचाच, त्याच्यावरच ती पुरचुंडी ठेवायची. शेकता शेकता मात्र तिला प्रश्न पडला. रोग डोक्यात, मग शेक हाताला कशाला? एक दिवस तिनं पुरचुंडी सरळ बसप्पाच्या टकलावर ठेवली.

"ए नागव्वा!" बसप्पा ओरडला. "मला काय भाकरी समजलीस?"

"बगा, डोक्याला कळतंय! हाताला का कळंना मंग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्कर्षा आली. ही व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट, वयानं लहान, बोलायला गोड, आणि एक-दोनदा नागव्वाच्या प्रश्नांपुढं टिकलेली एकमेव व्यक्ती. तिनं बसप्पाचा हात उचलला आणि तिचा चेहराच बदलला. तळव्याच्या कडेला टपोरा फोड आला होता.

"काका, हे कधी झालं?"

बसप्पानं फोडाकडं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याच्या हातावर आलाय. "कळलं न्हाय बा."

"काकू, शेक किती गरम होता?"

"कोमट हुता की! मी सोता हात लावून बगितलं. थांबा, दावते." नागव्वानं तव्यावरची पुरचुंडी उचलली, तळव्यावर दोनदा खेळवली आणि उत्कर्षाच्या हातात दिली. "हां, कोमटच हाय."

उत्कर्षा किंचाळली. पुरचुंडी जमिनीवर, वाळू घरभर. शिवकुमार आतून धावत आला, त्यानं मदतीला म्हणून पुरचुंडी उचलली आणि तोही किंचाळला.

मग उत्कर्षानं स्वतःच्या बोटांवर फुंकर मारत मारत नागव्वाचा तळवा उलटासुलटा करून पाहिला. जन्मभर तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवलेला आणि बोटांनीच ती उलटलेली. त्या तळव्याला उकळत्याच्या खालचं सगळं कोमट.

"म्हणजे या घरात," उत्कर्षा म्हणाली, "ज्यांना गरम कळत नाही त्यांचा हात, ज्यांना गरम कळत नाही तेच शेकत होते."

नागव्वा घरभर सांडलेली वाळू गोळा करायला लागली. बसप्पाच्या हातावर औषध लावताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "आगं, दुखलं न्हाय मला."

"तेच तर वाईट हाय की," ती म्हणाली आणि तिला हुंदका आला.

फोड बरा होईपर्यंत शेक बंद. त्या दिवसांत उत्कर्षानं नागव्वाच्या प्रश्नाला उत्तर दिलं. कातडीला गरम-गार लागलं की निरोप वर मेंदूला जातो. निरोप घेणारी जागा काकांची बिघडली आहे. पण निरोप येत राहिले, हात काम करत राहिला, तर आजूबाजूची जागा हळूहळू ते काम शिकू शकते. शेकानं स्नायू सैल पडतात, व्यायाम सोपा जातो, एवढं बऱ्यापैकी ठाऊक आहे. गरम-गार आलटून पालटून लावल्यानं हाताची जाण सुधारते असं काही अभ्यासांत दिसलंय, पण अजून छातीठोक सांगता येत नाही.

"मंजे जळालेल्या वायंडिंगचं काम शेजारचं वायंडिंग करतंय?" बसप्पानं डोळे मोठे केले. "मोटरीत आसं हुईना कदी."

"झालं असतं तर तुमचं दुकान चाललं नसतं, काका."

मग नवी पद्धत सुरू झाली. दोन पातेली, एक कोमट पाण्याचं, एक गार. उत्कर्षानं थर्मामीटर दिला होता, पण नागव्वाचा काचेच्या नळीवर विश्वास नव्हता. म्हणून नळी बुडवून झाल्यावर शिवकुमारचा हात बुडवला जायचा. पतसंस्थेत कागद सरकवून सरकवून त्याचे तळवे लोण्यासारखे झालेले. त्यावरून आईनं आजवर त्याला खूप टोमणे मारले होते. आता घरात त्याच हाताला मान आला. "आव्वा, जास्त झालं!" तो ओरडला की पाणी बदललं जायचं. बसप्पा हात बुडवायचा, बाहेर काढायचा, मूठ वळायचा प्रयत्न करायचा, पुन्हा बुडवायचा. डोळे मिटायला लावून काय लागलं असं विचारलं, तर रोज एकच उत्तर, "पाणी."

गणपती झाले, नवरात्र बसलं. भाडेकरू दोनदा येऊन दुकानाचं शटर वाजवून गेला.

एका सकाळी बसप्पानं हात बुडवला आणि भुवया वर केल्या. "बिसि," तो पुटपुटला. गरम म्हणायला त्याच्या तोंडी आईची कानडी आली.

"डोळं उगडं हुतं तुमचं!" नागव्वानं लगेच त्याच्या डोळ्यांवर खुंटीवरचा पंचा बांधला. पातेल्यांची जागा बदलली.

"गार. आन हे बिसि."

शिवकुमार उड्या मारायच्या बेतात होता. नागव्वानं त्याला हातानंच दाबला. ती मोरीत गेली आणि आवाज न करता दोन्ही पातेली नळाच्या पाण्यानं भरून आणली. बसप्पानं एकात हात घातला. थांबला. दुसऱ्यात घातला. बराच वेळ थांबला.

"दोनी गारच हायत," तो म्हणाला. "फसिवतीस व्हय गं?"

नागव्वा हसता हसता रडायला लागली. त्याच्या डोळ्यांवरचा पंचा सोडायचा राहिलाच, त्यामुळं तो आंधळ्यासारखा विचारत राहिला, "काय झालं? कोण रडतंय?"

उत्कर्षा आली तेव्हा तिला तीन तोंडांतून एकदमच सगळं ऐकावं लागलं. ऐकून झाल्यावर नागव्वानं विचारलं, "ह्ये शेकानं झालं, का वेयामानं, का दिस गेलं म्हणून?"

"खरं सांगू, काकू? सगळ्यानं थोडं थोडं झालं असेल. नेमकं मलाही सांगता येणार नाही."

नागव्वा विचारात पडली. "मंग आता चारच बोटं बुडवू. करंगळी वर ठिवायची. बगू ती मागं ऱ्हाती का."

"माझ्या बोटावर परीक्षा न्हाय!" बसप्पानं उजवा हात छातीशी ओढला. तो हात स्वतःच्याच जोरानं ओढला गेलाय हे उत्कर्षानं पाहिलं, त्यालाही जरा उशिरानं कळलं.

शिवकुमार तोवर दाराशी जाऊन फोनवर बोलत होता. "न्हाय साहेब, जागा तूर्त देत न्हाय. कारण? तापलेली मोटर वळखायला शिकायलेत अप्पा, परत."