सुकाणू कोण हलवतं?

गायकवाडसाहेबांची नि माझी पहिली भेट आनंदनगरच्या कारखान्यातली. साल नव्वदीच्या मध्यावरचं. बॉयलरचा काटा नाचत होता आणि मॅनेजर सगळ्यांदेखत विचारत होते, का नाचतोय? इन्स्ट्रुमेंट विभागाचे प्रमुख असलेले साहेब शांतपणे म्हणाले, "माहीत नाही. शोधतो." मी मनात म्हटलं, संपले हे गृहस्थ! आमच्याकडे असं कबूल करायची रीतच नव्हती.

साहेबांना विमानांचं भारी वेड. बदलापुरातल्या घरी दोन वर्षं खपून त्यांनी बॅटरीवर उडणारं रिमोटचं जेट बनवलं. हलक्या लाकडाचं अंग, पोटात पंखा, मोटर कॅम्प चारच्या बाजारातून शोधून आणलेली. पंखांखाली दोन बोटं धरून ते तोल बघायचे आणि मला म्हणायचे, "जाधव, श्वास जरा हळू घ्या." आता बोला!

पहिल्या उड्डाणाला शिरगावच्या माळावर अर्धा कारखाना जमला. तपासणी झाली, साहेबांनी हातातला रिमोटचा सेट बंद केला, तरी जेटच्या शेपटीचं सुकाणू हललं. डावीकडे. थांबलं. पुन्हा डावीकडे, सावकाश, कुणी बोलवावं तसं. वारा पार पडलेला.

जवळपास त्याच क्रिस्टलचा, म्हणजे त्याच लहरीवरचा, दुसरा सेट चालू असणार, हे साहेबांनी ताडलं. माळाच्या कडेला एकच घर होतं. तिथे राहणारे म्हात्रेकाका मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आत खिडकीत रिमोटचा सेट, एरियल ताणलेली, लाल दिवा लागलेला. त्यांचा मुलगा असलीच रिमोटची विमानं उडवायचा. आदल्या वर्षी तापानं गेला.

"रोज चालू ठेवतो. बंद केला का घर लय गप होतं," काका म्हणाले.

"पण सेटवरची दांडी कोण हलवतं?" मी विचारलं.

"कोन हलवनार? मी तं हात बी नाय लावत."

घरात दुसरं कुणीच नव्हतं. दांडी आमच्या डोळ्यांदेखत स्थिर होती, आणि माळावरून आमचा माणूस ओरडत होता, "हलतंय! अजून हलतंय!"

काकांनी साहेबांचा हात धरला. "तोच हाय का?"

मी त्यांच्या जागी असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं. साहेब म्हणाले, "काका, मला माहीत नाही."

तो सेट चालू असताना उडवलं तर जेट कोसळणार, हे नक्की. साहेबांकडे क्रिस्टलची दुसरी जोडी नव्हती, नि ती इथे मिळायचीही नाही. मी कुजबुजलो, "साहेब, पाच मिनिटं बंद करायला सांगा ना!" त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. बाहेर येऊन लोकांपुढे हात जोडले आणि जेट पेटीत भरलं. लोक हसले. दोन वर्षांची मेहनत हो! मला रडू फुटायचंच बाकी होतं.

त्यानंतर दर रविवारी साहेब काकांकडे नुसते चहाला जायचे, कधी मीही सोबत असायचो. जेटचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. दिवाळीनंतर काकांनीच विचारलं, "तुमचं इमान का नाय उडवत?" साहेबांनी खरं ते सांगितलं. "मंग पुढल्या रविवारी आना इमान," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं आणि ते आमच्याबरोबर माळावर आले.

सुकाणू हललं नाही. काका वाकून बघत राहिले. मी जेट हातानं फेकलं आणि ते शीळ घालत वर गेलं.

"आता कोनाचं ऐकतंय ते?" काकांनी विचारलं.

"माझं."

"मंग त्याला सांगा," काका वर बघत म्हणाले, "उतर म्हनावं आता. दमला असंल."

साहेबांनी जेट अलगद गवतावर टेकवलं.

साहेब आता पंचाहत्तरीत आहेत. त्यांना ठणठणीत तब्येत आणि उदंड आयुष्य लाभो, ही माझी मनापासूनची इच्छा, आणि त्यात माझा स्वार्थही आहे. कुणासाठी असं थांबायचं कसं, हे मला अजून शिकायचंय.